दाव्याचा नंबर : निफाडच्या न्यायालयीन दप्तराचा आढावा

तालुक्याच्या न्यायालयात निकाली निघालेल्या दाव्याची नक्कल मिळवणे हा कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. परंतु हवा असलेला कागद कोणत्या न्यायालयाच्या, कोणत्या सालच्या आणि कोणत्या क्रमांकाच्या प्रकरणात आहे हे अर्जदाराने स्वतः सांगितल्याखेरीज तो हक्क बजावता येत नाही. आजोबांच्या काळात भाऊबंदांशी वाटपाचा दावा झाला होता आणि तो निफाडला चालला होता, एवढेच ज्या घराला ठाऊक असते, त्या घरापाशी नकलेच्या अर्जातील पहिला रकाना भरण्यापुरतीही माहिती नसते. नक्कल कशी मागावी यावर कायदा बरेच बोलतो, पण क्रमांक कसा शोधावा याविषयी तो जवळजवळ गप्प आहे. प्रस्तुत आढाव्याचा भर म्हणूनच दुसऱ्या प्रश्नावर अधिक आहे.

निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव. १८ जानेवारी १८४२ रोजी येथे जन्मलेल्या रानड्यांची न्यायखात्यातील नोकरी पुणे, नाशिक, धुळे अशा ठिकाणच्या दुय्यम न्यायालयांतून झाली आणि १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांच्या जन्मगावी आज दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर आणि जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायाधीश अशी तिन्ही पातळ्यांची न्यायालये आहेत. कनिष्ठ स्तराच्या न्यायालयात ठरावीक रकमेपर्यंतचे दिवाणी दावे चालतात आणि तेच न्यायाधीश बहुधा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी कामही पाहतात. वरिष्ठ स्तराकडे मोठ्या रकमेचे, म्हणजे ‘स्पेशल’ दावे आणि भूसंपादनाची प्रकरणे जातात. सत्र न्यायालयात गंभीर गुन्ह्यांचे खटले आणि खालच्या न्यायालयांवरील अपिले चालतात. याखेरीज तालुक्यातच पिंपळगाव बसवंत येथे वेगळे न्यायालय आहे. त्यामुळे ‘निफाड कोर्टात केस होती’ हे घरातील वाक्य किमान चार ठिकाणांकडे बोट दाखवू शकते, आणि शोधाची पहिली चूक बहुतेक वेळा येथेच होते.

एका दाव्याच्या फायलीत काय असते हे आधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण ‘सगळ्या केसची नक्कल’ मागणारा अर्ज खर्चिकही ठरतो आणि रेंगाळतोही. वादीने दाखल केलेला अर्ज म्हणजे दावा किंवा वादपत्र. प्रतिवादीचे लेखी उत्तर म्हणजे कैफियत. दोन्ही वाचून न्यायालय जे प्रश्न ठरवते ते मुद्दे. पुढे आलेल्या प्रत्येक अर्जाला व पुराव्यात वाचलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक पडतो, त्याला निशाणी म्हणतात. तारखेगणिक काय घडले याची त्रोटक नोंद रोजनाम्यात होते. कारणांसह दिलेला निर्णय निकालपत्रात असतो, आणि त्या निर्णयाने कोणाला नेमके काय मिळाले हे थोडक्यात सांगणारा, न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद म्हणजे हुकूमनामा. हुकूमनाम्याची बजावणी करून घेण्यासाठी जी वेगळी कारवाई करावी लागते तिला दरखास्त म्हणतात, आणि दरखास्तीला स्वतंत्र नंबर असतो. वाटपाचा हुकूम झाला पण ताबा कधी मिळाला याचा शोध घेणाऱ्याने दाव्याची फाईल चाळून उपयोग नसतो, त्याला दरखास्तीची फाईल हवी असते. जमिनीच्या कामासाठी बहुधा हुकूमनामा, निकालपत्र आणि तडजोड झाली असल्यास तडजोडीची निशाणी एवढे कागद पुरतात.

ही नक्कल मागण्याची गरज का निर्माण झाली, याला एक इतिहास आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढे चाललेल्या वतनाच्या व जमिनीच्या तंट्यांचा निवाडा झाला की महजर किंवा निवाडपत्र लिहिले जाई, त्यावर जमलेल्यांच्या साक्षी व निशाण्या पडत, आणि तो कागद जिंकणाऱ्याच्या घरी राही. हरणाऱ्याकडून येजितखत, म्हणजे आपला दावा खोटा ठरल्याची लेखी कबुली, घेतली जाई आणि तीही जिंकणाऱ्याच्याच स्वाधीन होई. निवाड्याचा पुरावा त्या काळी घराच्या दप्तरात असे. इंग्रजी अंमलात ही दिशा उलटली: मूळ फाईल न्यायालयाची झाली आणि पक्षकाराच्या हाती आली ती फक्त नक्कल. १८६९ चा मुंबई दिवाणी न्यायालय कायदा, जो पुढे महाराष्ट्राचा म्हणून ओळखला जाऊ लागला, त्याने जिल्ह्याच्या व त्याखालच्या न्यायालयांची जी रचना घातली तीच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. नाशिक हा स्वतंत्र जिल्हाही १८६९ मध्येच, अहमदनगर आणि खानदेश यांच्या भागांतून बनला; त्याआधीच्या काळातील कागद शोधणाऱ्या अभ्यासकाने नाशिकवर न थांबता अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, दप्तराचाही विचार करावा लागतो.

तालुक्याच्या न्यायालयातील फाईल किती मोलाची असू शकते याचे उदाहरण महाडचे आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध महाडच्या दिवाणी न्यायालयात १९२७ चा ४०५ नंबरचा दावा दाखल झाला, त्यात त्या वर्षीच्या डिसेंबरात तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, आणि हा वाद अपिलांच्या पायऱ्या चढत १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात आंबेडकरांच्या बाजूने संपला. नंबर आणि साल माहीत असल्यामुळे त्या लढ्याचा न्यायालयीन प्रवास पायरीपायरीने मांडता येतो. १९२७ मध्येच महाराष्ट्रातील इतर तालुक्यांत दाखल झालेल्या असंख्य दाव्यांचे नंबर कोणाच्याच लक्षात नाहीत, आणि म्हणून ते इतिहासाला अनुपलब्ध आहेत.

अलीकडच्या प्रकरणांसाठी शोधाचे काम बरेच सोपे झाले आहे. २००७ पासून टप्प्याटप्प्याने राबवल्या गेलेल्या ई-कोर्ट प्रकल्पामुळे जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणांची स्थिती संकेतस्थळावर आणि मोबाईल अ‍ॅपवर पाहता येते. राज्य, जिल्हा आणि न्यायालयाची इमारत निवडल्यावर पक्षकाराचे नाव, दाव्याचा क्रमांक, वकिलाचे नाव किंवा पोलीस ठाण्यातील गुन्हा क्रमांक यांपैकी कशावरूनही शोध घेता येतो. प्रत्येक प्रकरणाला सीएनआर नावाचा सोळा अक्षरी-अंकी क्रमांक असतो. त्यात राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम आणि वर्ष यांच्या खुणा असतात, आणि तो देशभरात एकाच प्रकरणाचा असतो. दाव्याचा स्थानिक नंबर दुसऱ्या न्यायालयातही असू शकतो, सीएनआर मात्र नाही. म्हणून चालू प्रकरणातील पक्षकाराने वकिलाकडून तो लिहून घेणे हिताचे.

नावावरून शोध घेताना एक अडचण वारंवार येते. मराठी नावे संगणकात रोमन लिपीत नोंदली गेली आहेत आणि ती कशी नोंदायची याला एकच शिस्त नाही. वाघ, शिंदे, गायकवाड, पाटील ही नावे दोन-तीन रीतींनी लिहिली जातात, कधी आडनाव आधी तर कधी शेवटी येते, कधी वडिलांच्या नावाची केवळ आद्याक्षरे असतात. एका रूपाने काही सापडले नाही म्हणून प्रकरणच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. नावातील मोजकीच अक्षरे घालून, साल बदलून, चालू आणि निकाली अशा दोन्ही गटांत शोधून पाहावे लागते. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला आदेश वाचण्यापुरता उपयोगी असतो; सही-शिक्क्याच्या नकलेची जागा तो घेत नाही.

संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेल्या दाव्यांच्या बाबतीत मात्र ही सगळी सोय निरुपयोगी ठरते. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे प्रत्येक न्यायालयाला दाव्यांचे रजिस्टर ठेवावे लागते आणि दाखल होण्याच्या क्रमाने दरवर्षी नव्याने नंबर द्यावे लागतात. हे रजिस्टर सालवार असते, नाववार नसते. साल माहीत नसेल तर दहा-वीस वर्षांची रजिस्टरे पानोपान पाहावी लागतात, आणि कामाच्या ओझ्याखाली असलेल्या कर्मचाऱ्यांकडून तशी अपेक्षा ठेवणेही अवघड आहे. म्हणून जुन्या दाव्याचा नंबर न्यायालयाबाहेर शोधणे हाच बहुतेक वेळा जवळचा मार्ग असतो.

त्यातला सर्वांत भरवशाचा स्रोत म्हणजे फेरफार. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, जमिनीच्या हक्कात बदल कोणत्या कारणाने झाला हे सांगते; न्यायालयाच्या हुकुमाने वाटप झाले असेल, नाव लागले असेल किंवा कमी झाले असेल, तर त्या नोंदीत न्यायालयाचे नाव, दाव्याचा किंवा दरखास्तीचा नंबर आणि हुकुमाची तारीख बहुधा लिहिलेली असते. सातबाऱ्यावर नावांजवळ गोलात दिसणारे आकडे हे फेरफारांचे नंबर असतात. आजच्या उताऱ्यावरून एकेक फेरफार मागे मागे काढत गेल्यास न्यायालयीन हुकुमाची नोंद हाती लागते. शेतसारा असलेल्या जमिनीच्या वाटपाचा हुकूम प्रत्यक्षात आणण्याचे काम संहितेच्या ५४ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे, त्यामुळे अशा दाव्यांची पत्रापत्री तहसील आणि भूमी अभिलेख या कार्यालयांतही झालेली असते. न्यायालयाची फाईल नष्ट झाली असली तरी तिची सावली तेथे सापडू शकते. महसुलाच्या जुन्या कागदांचे स्कॅन पाहण्याची सोय राज्य शासनाने ज्या जिल्ह्यांत सुरुवातीला केली त्यांत नाशिक होते, हे निफाडच्या शोधकाच्या पथ्यावर पडणारे आहे.

येथे जमिनीच्या क्रमांकाचाच एक गुंता आड येतो. जुन्या दाव्यात मिळकतीचे वर्णन सर्व्हे नंबर आणि पोटहिश्श्याने केलेले असते. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली गावोगाव योजना लागू झाल्यावर गट नंबर पडले आणि जुने आकडे व्यवहारातून गेले. एकत्रीकरणाचे पत्रक, ज्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांची जोड दिलेली असते, ते भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढल्याशिवाय जुना हुकूमनामा आजच्या शेतावर बसवता येत नाही. अनेक शोध नेमके या टप्प्यावर सोडून दिले जातात, ही खेदाची बाब आहे, कारण पुढचे काम त्यामानाने सोपे असते.

दुय्यम निबंधक कार्यालय हा आणखी एक मार्ग. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक आणि त्याच्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात. दाव्यानंतर झालेल्या खरेदीखतात किंवा वाटणीपत्रात आधीच्या हुकूमनाम्याचा हवाला पुष्कळदा असतो. जुन्या वकिलांच्या घराण्यांनी जपलेल्या कागदांचे मोलही कमी लेखू नये, कारण वकिलाच्या फायलीवर पक्षकाराचे नाव ठळक असते आणि न्यायालयाच्या फायलीवर नंबर.

शोध फसण्याचे दुसरे मोठे कारण असे की लोक ज्याला ‘कोर्ट’ म्हणतात ते पुष्कळदा दिवाणी न्यायालय नसतेच. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली बांध, वहिवाटीचा रस्ता आणि पाण्याचा प्रवाह अडवल्याच्या तक्रारी तहसीलदार चालवतात; वारसनोंदीच्या तक्रारींवरील अपिले प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, जातात. कुळकायद्याचे प्रकरण तर याहून महत्त्वाचे आहे. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले, खरेदीची किंमत ठरवण्याचे काम ३२-ग कलमाखाली शेतजमीन न्यायाधिकरणाकडे, व्यवहारात तहसीलदाराकडे, दिले, आणि ८५ व्या कलमाने या प्रश्नांत दिवाणी न्यायालयाचा अधिकार काढून घेतला. गोदावरी-कादवेच्या काठच्या काळ्या जमिनींचा मालकीहक्क ज्या कागदांवर उभा आहे त्यांपैकी अनेक याच चौकशीतील आहेत, आणि ते तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायचे असतात. ‘आजोबांनी कोर्टात जमीन जिंकली’ असे सांगणाऱ्या घराने ती जमीन कुळाची होती काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

न्यायालय आणि नंबर निश्चित झाला तरी फाईल तेथेच असेल असे नाही. अपील झाले की वरचे न्यायालय मूळ रेकॉर्ड मागवून घेते; निफाडच्या दाव्याचे कागद त्या वाटेने जिल्हा न्यायालयात आणि दुसऱ्या अपिलात थेट मुंबईला गेलेले असू शकतात, कारण नाशिक जिल्हा उच्च न्यायालयाच्या मुंबईतील मुख्य पीठाखाली येतो. रजिस्टरातील शेरा पाहून फाईल कोठे पाठवली आणि परत आली का, हे आधी विचारून घेतल्यास पुष्कळ हेलपाटे वाचतात.

फाईल किती काळ टिकते, या प्रश्नाचे उत्तर प्रकरणाच्या प्रकारावर आणि कागदाच्या महत्त्वावर अवलंबून आहे. १९१७ च्या अभिलेख नाश कायद्याने उच्च न्यायालयाला आपल्या व आपल्या हाताखालच्या न्यायालयांतील कागद निकाली काढण्याचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या दिवाणी व फौजदारी नियमपुस्तिकांत, ज्यांना वकील सिव्हिल मॅन्युअल आणि क्रिमिनल मॅन्युअल म्हणतात, कागदांची वर्गवारी करून प्रत्येक वर्ग किती काळ ठेवायचा हे ठरवलेले आहे. निकालपत्र आणि हुकूमनामा यांना दीर्घ आयुष्य असते, तर समन्स, तारखा मागण्याचे अर्ज, किरकोळ पत्रे लवकर जातात. द्राक्षाच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक न वटल्यामुळे शेतकऱ्याने दाखल केलेला परक्राम्य संलेख कायद्याच्या १३८ व्या कलमाखालचा खटला आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा यांना सारखेच आयुष्य मिळेल अशी अपेक्षा धरता येत नाही. नष्ट न होता गहाळ झालेल्या फायलीची पुनर्बांधणी पक्षकार व वकील यांच्याकडील प्रतींवरून करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. म्हणून ‘फाईल सापडत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाल्यास लेखी अर्ज करून त्यावर लेखी शेरा घेणे आवश्यक आहे.

आता मागण्याच्या हक्काविषयी. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे न्यायिक अधिकाऱ्यांच्या कृतींचे अभिलेख हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत, आणि ७५ व्या कलमाप्रमाणे, ज्याला असा दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे त्याने फी भरून मागणी केल्यास, तो ताब्यात असलेल्या अधिकाऱ्याने तळाशी खरेपणाचा दाखला, तारीख, सही, हुद्दा आणि शिक्का घालून नक्कल दिली पाहिजे. हीच सही-शिक्क्याची किंवा प्रमाणित नक्कल. पक्षकाराला ती मिळते. दाव्याशी संबंध नसलेल्या त्रयस्थाला मात्र ती का हवी याचे कारण देऊन न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते, आणि दुसऱ्याने पुराव्यात हजर केलेले त्याचे खासगी दस्त त्रयस्थाला सहजी मिळत नाहीत. हे कागद माहिती अधिकारात मागता येतील असा समज सर्वत्र आहे. परंतु ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले की न्यायिक कामकाजातील कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, त्यासाठी माहिती अधिकाराचा मार्ग नाही. न्यायालयाच्या प्रशासकीय कामकाजाबद्दलची माहिती त्या कायद्याखाली मागता येते, एवढा भेद लक्षात ठेवावा.

त्रयस्थाची मागणी नेहमी कुतूहलाचीच असते असे मानू नये, आणि त्याचा पुरावा भूसंपादनाच्या कायद्यातच आहे. कालवा किंवा रस्ता यांसाठी एकाच अधिसूचनेखाली अनेकांच्या जमिनी गेल्या आणि त्यांपैकी एकानेच न्यायालयात जाऊन मोबदला वाढवून घेतला, तर इतरांना त्याच्या निवाड्याच्या आधारे वाढीव मोबदला मागण्याची तरतूद १८९४ च्या कायद्यात २८-अ कलमाने १९८४ मध्ये आली आणि २०१३ च्या कायद्यात ती ७३ व्या कलमात आहे. त्यासाठी मुदत निवाड्यापासून अवघी तीन महिन्यांची, त्यातून नक्कल मिळण्यास लागलेला काळ वजा. शेजाऱ्याच्या दाव्यातील कागदावर आपला हक्क अवलंबून असण्याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही; ज्या गावात कोणी असा निवाडा मिळवला, त्याने नंबर आणि तारीख चावडीवर सांगितली नाही तर बाकीच्यांची मुदत न कळत निघून जाते.

फौजदारी बाजूस नियम थोडे वेगळे आहेत. पहिली खबर, म्हणजे एफआयआर, देणाऱ्याला तिची प्रत मोफत मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने संवेदनशील गुन्हे वगळता पहिली खबर पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक झाले. शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०४ व्या कलमाखाली मोफत द्यावी लागते, आणि निकालाने ज्याच्यावर परिणाम होतो त्याला ती फी भरून मागता येते. बालकांवरील अत्याचाराची, लैंगिक गुन्ह्यांची आणि वैवाहिक वादांची प्रकरणे या खुलेपणाच्या बाहेर ठेवलेली आहेत, आणि ते योग्यच आहे.

अर्ज करण्याची प्रत्यक्ष रीत साधी आहे. कोर्ट फी स्टँप लावलेला अर्ज नक्कल विभागात द्यायचा, त्यात प्रकरणाचा प्रकार, नंबर, साल, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि हव्या त्या कागदाची निशाणी लिहायची, नक्कल कशासाठी हवी ते सांगायचे आणि पानांच्या हिशोबाने होणारी फी भरायची. चालू दाव्यातील कागद आधी पाहायचा असेल तर तपासणीचा वेगळा अर्ज असतो. ज्यांना वकील लावणे परवडत नाही त्यांना तालुका विधी सेवा समितीकडून मदत मागता येते. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत सहाय्याचा हक्क आहे.

नकलेच्या शेवटी अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती हाती दिल्याची तारीख लिहिलेली असते. या तारखा म्हणजे कार्यालयीन सोपस्कार नव्हेत. अपिलाची मुदत त्यांच्यावर मोजली जाते. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस आणि उच्च न्यायालयात नव्वद दिवस मिळतात, आणि १९६३ च्या मुदत कायद्याचे १२ वे कलम नकलेसाठी लागलेला काळ त्यातून वगळते. पण त्याच कलमाचे स्पष्टीकरण असेही सांगते की नकलेचा अर्ज देण्यापूर्वी हुकूमनामा तयार करण्यात न्यायालयाचा जो वेळ गेला तो वगळला जाणार नाही. निकाल लागल्यावर हुकूमनामा पंधरा दिवसांत तयार व्हावा असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. तो तयार होण्याची वाट पाहत थांबणाऱ्याचे ते दिवस मुदतीतून जातात, आणि निकालाच्या दिवशीच अर्ज देणाऱ्याचे वाचतात. एवढ्या लहान फरकावर अपिले मुदतबाह्य ठरतात.

भाषेची अडचण दोन टोकांना आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तरीही अनेक निकालपत्रे इंग्रजीत असतात. दुसऱ्या टोकाला, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील फायलींत हजर केलेली खते, पावत्या आणि हिशेब मोडी लिपीत असतात. मोडी वाचणारे थोडे असले तरी राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेले जाणकार आहेत, आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे जुन्या दप्तरांकडे आणि मोडीकडे गावोगावच्या लोकांचे लक्ष पुन्हा वळले आहे.

त्रयस्थाला कागद देण्याची रीत इतरत्र वेगळी आहे. अमेरिकेतील काउंटी न्यायालयांत क्लर्कच्या कार्यालयात पक्षकारांच्या नावांची सूची सर्वसामान्य माणसाला पाहता येते आणि कागद का हवा हे सहसा विचारले जात नाही. इंग्लंडमध्ये त्रयस्थाला दाव्याची मूळ मांडणी आणि निकाल नियमानेच मिळू शकतो, इतर कागदांना परवानगी लागते. कारण विचारण्याची आपली पद्धत सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही, कारण वाटपाच्या दाव्यात एका कुटुंबाचे सगळे अंतरंग उघडे पडलेले असते. उणीव आहे ती सूचीची. निकाली दाव्यांच्या जुन्या रजिस्टरांतील फक्त चार रकाने, म्हणजे नंबर, साल, पक्षकारांची नावे आणि गाव, देवनागरीत टंकून खुले केले तर कोणाचीही खासगी बाब उघड होत नाही आणि नकलेचा हक्क खऱ्या अर्थाने वापरता येतो. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले असून जुन्या अभिलेखांचे डिजिटलीकरण हा त्याचा एक भाग आहे. तालुका न्यायालयांची रजिस्टरे त्यात फायलींच्याही आधी घेतली जावीत, कारण यादीशिवाय स्कॅन केलेली फाईल कपाटातील फायलीइतकीच अदृश्य राहते.

तोवर जे घराच्या हाती आहे ते करून घ्यावे. पुराव्यात हजर केलेले मूळ खरेदीखत, गहाणखत किंवा मृत्युपत्र निकालानंतर, अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपील निकाली निघाल्यावर, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३ व्या आदेशातील नवव्या नियमाप्रमाणे अर्ज करून परत मिळते. न नेल्यास ते फायलीबरोबर तिच्या आयुष्यापुरतेच टिकते. तीस वर्षांहून जुन्या, योग्य ताब्यातून आलेल्या दस्ताविषयी साक्ष्य अधिनियमाच्या ९२ व्या कलमाने जे गृहीत धरता येते, ते मूळ दस्ताबाबत आहे, त्याच्या नकलेबाबत नाही. ज्यांच्या वाडवडिलांचा असा दस्त निफाडच्या किंवा कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात एखाद्या निशाणीखाली अजून पडून आहे, त्यांनी नकलेच्या आधी तो परत मागण्याचा अर्ज द्यावा.